इतिवृत्तात नसलेलं

एकतीस वर्षं म्हापशाच्या पालिकेत मी इतिवृत्तं लिहिली.
ठराव, सूचक, अनुमोदक, सभात्याग.
दोतोर अवेर्तान कोलासो यांचं नाव त्यात सात ठिकाणी आहे,
पैकी पाच ठिकाणी कुलासो झालंय.
चूक माझीच.

सडबरीहून आले होते.
तिथं म्हणे सकाळी घराचं दार
बर्फातून खणून काढावं लागतं.
निकेलच्या खाणीतल्या माणसांची फुफ्फुसं ऐकण्यात
सव्वीस वर्षं गेली त्यांची.
मग आई वारली, आणि दुलेरच्या घराची किल्ली
कुरियरनं पोचली.

त्या साली अर्धा म्हापसा आल्तिनोवर
पोर्तुगालच्या पासपोर्टासाठी रांगेत होता,
आजोबांचे जन्मदाखले छातीशी धरून.
दोतोर उलट्या रांगेत. एकटे.
कॅनडाचं निळं पुस्तक परत करताना
खिडकीतल्या पोरानं तीनदा विचारलं,
"सर, फॉर्म चुकला नाही ना?"

प्रचारात हात जोडणं जमलं नाही त्यांना,
सवयीनं समोरच्याचं मनगटच धरायचे.
अन्साभाटच्या कोंसेसांव मासळीवालीला म्हणाले,
"साखर तपासून घे गो,"
आणि मत मागायचं विसरले.
नऊ मतांनी निवडून आले.
नववं मत आपलं, असं कोंसेसांव आजही सांगते,
बांगडे मोजताना.

पहिल्याच सभेत गटाराचा विषय.
सगळे एकदम बोलत होते, मी लिहीत होतो.
दोतोरांनी हात वर केला,
आमच्याकडे तसं कुणी करत नाही.
विचारलं,
कधीपासून?
दिवसा जास्त की रात्री?
भरतीला वाढतं का?
आधी कुणी काय उपचार केले?
सभागृह हसलं. नगराध्यक्षांनी चहा मागवला.
मी लिहिलं : चर्चा झाली.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे सहाला
तारीच्या काठावर, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून,
हातात वही घेऊन दोतोर.
भरती, ओहोटी, रंग, वास.
सोळाव्या दिवशी सापडलं :
बाजारामागची जुनी मानस
(आमच्याकडे बांधावरच्या झडपेला मानस म्हणतात)
कुजून उघडीच राहिलेली.
दर भरतीला नदी
मागच्या दारानं शहरात येत होती.
"झडप बिघडलेल्या काळजात रगत असंच मागं येतं,"
ते सभेत म्हणाले.
हे वाक्य मला जसंच्या तसं लिहायचं होतं.
रकान्यात बसलं नाही.

मानस बदलायला चार वर्षं लागली.
तीन निविदा, दोन सभात्याग, आणि एक ठेकेदार,
जो दवाखान्यात रक्तदाब दाखवायला आला
आणि जाताना एक जाड पाकीट विसरून गेला.
दोतोर स्कूटरवरून त्याच्या घरी ते पोचतं करून आले,
तपासणीची फी कापून घेऊन.
सोबत पावती.

पाचव्या वर्षी वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला.
हरले नाहीत, जिंकले नाहीत,
एक परिपत्रक आलं
आणि मीच ते फलकावर चार टाचण्यांनी लावलं.
शेवटच्या सभेला गणपूर्ती नव्हती.
ते तासभर बसले, मग पंखे बंद करून गेले.

आता लोक पथदिव्याची तक्रार घेऊन
दवाखान्यातच जातात.
ते ऐकतात. गोळ्या मात्र ज्याच्या त्याला.

निवृत्तीनंतरच्या पावसाळ्यात मीही गेलो,
जिना चढताना दम लागायचा.
"कधीपासून?" त्यांनी विचारलं.
एकतीस वर्षं सगळ्याच्या तारखा लिहिणारा मी,
मला सांगता येईना.
ते थांबले. घाई नव्हती त्यांना,
बाहेर बाकावर अकरा माणसं होती तरी.
मग मी बोलत गेलो, दम्याचं, घरचं,
जे कुठल्याच विषयपत्रिकेवर नव्हतं तेही,
आणि ते लिहीत गेले.

औषधाच्या दुकानात कागद उघडला तेव्हा पाहिलं,
वर माझं नाव. घनःश्याम.
विसर्गासकट.