येते

अकरा वर्षं, मंगळवार-शुक्रवार, चार दहा ते पाच.
दादर पारशी कॉलनीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली,
तिचं छत मला तळहातापेक्षा पाठ:
पंख्याच्या हुकाशी ओल, आधी कासव होती,
बाबा गेले त्या वर्षी नुसती ओल झाली.

संपवू या, हे मीच म्हटलं होतं दिवाळीआधी.
मग दोनदा विसरले, एकदा ताप आला,
एकदा नवंकोरं स्वप्न घेऊन गेले
लाच द्यावी तसं.
डॉक्टर दस्तूर म्हणाल्या, "हं."
त्यांच्या 'हं'चे सतरा प्रकार मला येतात.

आजचा मंगळवार शेवटचा. बोलले काय,
तर सोसायटीच्या टाकीची गळती.
मोठं काही सुचेना. उशीवरचा कागदी रुमाल
मीच चुरगळून पर्समध्ये टाकला.

दाराशी चपला चढवताना तोंडून निघालं, "येते."
आईची शिकवण: जाते म्हणू नये.
एरवी त्यांनी विचारलं असतं,
कुठून आलं हे?
आज कडी धरून उभ्या राहिल्या नुसत्या.

जिन्यात घड्याळ पाहिलं. पाच वाजून चार मिनिटं.
असं कधी झालं नव्हतं.
ही चार कुणी कुणाला दिली,
विचारायला आता शुक्रवार नाही.