वाळवीने सोडलेलं पान

ओव्हिदियुबाब पानामागे दोनशे रुपये देतात.
त्यांना मूळपुरुष म्हणून कप्तान हवाय,
जमल्यास तलवारीसकट.
पणजीच्या दप्तरखान्यात कसर झटकत
मी त्यांच्यासाठी पोर्तुगीज वाचतो:

बाल्ताझार, वय एकोणीस.
खेचर चोरलं.
शिक्षा: जन्मभर गोवा.

जन्मभर गोवा!
मी मोठ्याने हसतो,
कारकून चष्म्यावरून बघतो.

पुढच्या पानावर वाळवीची नक्षी.
तिने सोडलंय तेवढं असं:
लग्न दिवाडी बेटावर,
वधू इनासिया, नवी किरिस्तांव,
आधीची म्हाळू,
बाप राघू नायक, नदीपार पळालेला.

राघू आमचा मूळपुरुष.
नार्व्याच्या घरी अजून सांगतात,
त्या रात्री होडीत देव घातला,
समया, बियाणं, पाडसासकट गाय,
आणि घरातलं एकूण एक माणूस.
किती माणसं, असं विचारलं
की आजोबांना खोकला यायचा.

संध्याकाळी फोन लावतो.
"कप्तान मिळाला?"
"खेचर मिळालं."
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
"आणि बाब, दुसऱ्या पानाचे पैसे नकोत."
का, ते विचारतात.
धक्क्यावर फेरीबोटीचा भोंगा होतो,
मी ऐकू येत नाही म्हणतो.