ओलीचा रकाना

रात्रपाळीचा तक्ता अजून डोळ्यांपुढे आहे:
तारीख, भट्टी क्रमांक, वाळूतली ओल साडेतीन टक्के,
खाली माझी सही. सि. लोंढे.
साडेतीन. काय झोकात लिहिलं होतं.
मी वाळू चिमटीतसुद्धा धरली नव्हती.
पोरगी तापानं फणफणलेली, दोन रात्री झोप नव्हती,
हे खरं आहे. पण हे मी इथंच सोडतो,
कारण दर वेळी सांगताना
तिचा ताप एकेक डिग्री वाढत गेलाय.

चाळीस पंपांची घरं पुण्याहून परत आली,
वरून गुळगुळीत,
आतून वायूच्या फोडांनी पोखरलेली.
मालकांनी विचारलं, कुणाचं काम?
आणि खोकला यावा तसं माझ्या तोंडून आलं:
"आनंदानं साच्याला पाणी जास्त फिरवलं असंल."
असंल.
एवढ्या एका शब्दावर
एका माणसाची बारा वर्षं उद्यमनगरातून उठली.

देवाला सांगितलं नाही असं नाही.
दर रविवारी सांगितलं, डोळे मिटून, सगळ्यांबरोबर:
आमच्या चुका, आमचे अपराध.
अनेकवचनात जागा फार असते,
माणूस अंग चोरून सहज मावतो.
पहिल्या बागेतही बोट दुसरीकडंच दाखवलं गेलं होतं,
आणि एका सुभेदारानं भर गर्दीत
हात धुवायला पाणी मागवलं होतं.
मी कारखान्याच्या नळावर धुतले, भुसा आणि साबण लावून.
काळी वाळू नखांतून निघते.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला.
थाळी बाकांवरून सरकत सरकत आली,
पावाचे चौकोनी तुकडे,
बोटभर पेल्यांत द्राक्षरस.
मी ती तशीच पुढं दिली.
सुवार्तानं वळून पाहिलं. "बरं नाही का?"
"नाही," म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.
भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल
तर दान तिथंच ठेव, आधी त्याच्याकडं जा,
हे लहानपणी न चुकता म्हणून दाखवलं म्हणून
मला स्टीलचा पेला मिळाला होता बक्षीस.
अजून घरात आहे. त्यातच पाणी पितो मी.

शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत बाहेर पडलो.
शिवाजी पूल, मग वडणग्याच्या अलीकडचं गुऱ्हाळ.
आनंदा चुलवाणात चिपाडं सारत होता.
लोखंडाची धग गेली, रसाची आली,
चेहरा तसाच तांबडा.
मी सगळं सांगितलं. पोरीचा ताप सोडून.
शिवी खायची तयारी करून गेलो होतो.
तो म्हणाला,
"म्हंजे माझा हात बरोबर हुता?"

कढईत रस उकळत होता.
"दोन वर्सं झाली, रातचं ह्यो हात बघत बसतोय म्या.
कुटं चुकला म्हणून."

"बरोबर होता, आनंदा."

"मालकास्नी सांगितलंस?"

"उद्या सांगतो."

"मग उद्याच यायचं हुतंस की,"
म्हणाला, आणि जाळाकडं वळला.

सोमवारी केबिनमध्ये मालक म्हणाले,
जुनं झालं लोंढे, कशाला उकरताय?
मी तीच फाईल मागितली.
साडेतीनवर आडवी रेघ मारली,
शेजारी लिहिलं: ओल तपासली नाही.
खाली सही, या वेळी अख्खं नाव, सिलास विनायक लोंढे.
"आनंदाला तसं कळवा. पगारातून काय ते कापा," म्हटलं.
त्यांनी फाईल मिटली. बोलले काहीच नाहीत.

संध्याकाळी पुन्हा पुलावर आलोय.
गाडी कडेला लावून उभा आहे.
पलीकडून उकळत्या गुळाचा वास येतोय.
तो काय म्हणेल, माहीत नाही.
परत येईल का, माहीत नाही.
माझी नोकरी राहील का, तेही नाही.
तळहाताला घाम आहे.
हे मात्र मी
तपासून लिहितोय.