एल चार, एल पाच

मला तो पत्ता वाटला, सिडकोतल्या कुठल्यातरी घराचा.
डॉक्टर शिरोडे फिल्म उजेडावर धरून म्हणाल्या,
इथं, एल चार आणि एल पाचच्या मधली गादी फुगलीय,
मागच्या अंगाला. नस चेपतेय.

फुगवटा मला कळतो.
तांबट आळीतली माझी चौथी पिढी.
कळशीला पोचा आला तर आतून उचलायचा,
फुगली तर बाहेरून बसवायची,
खरवईवर चढवून, हात हलका ठेवून.
बत्तीस वर्षं कमरेत वाकून हेच केलं.
म्हटलं, मग ठोकून बसवा की आत.
त्या हसल्या नाहीत.
वडके, म्हणाल्या, ही गादी तांब्याची नाही.

दोन वर्षं डाव्या पायात तार होती,
ढुंगणापासून पोटरीतून अंगठ्यापर्यंत
कुणीतरी तापवून ओढलेली.
शिंक येतेयसं वाटलं की आधी भिंत धरायचो.
पंचवटीतल्या एकानं पाठीवर पाय देऊन पाहिला,
मेव्हण्यानं पेठहून तेल आणलं,
पट्टा बांधला, विटा शेकल्या.
हेमलतानं एफडी मोडायचा विषय तीनदा काढला,
तिन्ही वेळा मी वरणाला नावं ठेवली.

एमआरआयच्या नळीत सरकवलं तेव्हा
आत ठकठक, ठकठक, मग घाईची, मग जड,
सकाळी नऊला अख्खी आळी बसल्यासारखी.
लोक घाबरतात म्हणे तिथं.
मी झोपलो.
काचेपलीकडून पोरगा म्हणाला, काका, घोरू नका,
चित्र हलतं.

मंगळवारी, गंगापूर रोडला.
पालथा झोपवला. भूल तेवढ्याच जागेला,
छेद करंगळीच्या नखाएवढा.
त्यातून नळी, नळीतून दिवा, दिव्याशेजारून चिमटा,
आणि मी जागा.
अंगठा हलवा. हलवला.
मुंग्या? आहेत.
आता? आहेत.
आता?
मी थांबलो.
भांडं कानाशी धरून टिचकी मारली
की ते अखंड आहे का तडकलेलं
हे लगेच बोलू नये.
नाहीत, म्हटलं.

चेहरा दिसत नव्हता त्यांचा, हात तेवढा कळत होता.
घाई नसलेला हात.
माझ्या वडलांचा होता तसा,
दारू सुटल्यानंतरचा.

नंतर बाटलीत दाखवला तो तुकडा.
पांढुरका, खेकड्याच्या गरासारखा, अर्ध्या शेंगदाण्याएवढा.
मला रागच आला.
आम्ही भांडी वजनावर विकणारी माणसं.
दोन वर्षांचं दुखणं तराजूत टाकलं असतं
तर काटा हललाही नसता.

दुसऱ्या दिवशी घरी. एक टाका, त्यावर पट्टी.
एफडी मोडली होती, वरणही बरं झालं होतं,
दोन्हींबद्दल मी काही बोललो नाही.
रात्री मोरीकडे जाताना सवयीनं भिंत धरली,
अर्ध्या वाटेत लक्षात आलं, गरज नाहीये.
तरी हात काढला नाही.
अंगठा अजून थोडा बधिर आहे.
जाईल, म्हणाल्या शिरोडे. मग म्हणाल्या, बहुतेक.

सहा आठवडे वाकायचं नाही,
दोन किलोवर काही उचलायचं नाही.
दुकानात ओटेकर मावशींची कळशी पडून आहे,
पोचा आलेली, गेल्या दिवाळीपासूनची.
काल हेमलतानं ती खरवईवर चढवली.
मी स्टुलावर, ताठ, शाळेतल्या पोरासारखा.
हातोडी तिच्याकडे.
तिथं नाही. खाली. अजून जरा. हळू गं.

शेजारच्या दुकानातून केरबा ओरडला,
वडके, ठोका कच्चा पडतोय!

पडू दे, हेमलता म्हणाली,
आणि पुन्हा मारला.