विभाग तीन

आधी शेताची कड आखली.
मोबाइल हातात धरून बांधाबांधाने चाललो,
चावदस फिरके पुढे, मी मागे,
उत्तरेला सातपुडा धुरकटलेला.
ईशान्येच्या कोपऱ्यात बांध असा वळलाय
की पडद्यावर सूचना आली:
रेघ स्वतःलाच छेदते आहे, पुन्हा काढा.
पुन्हा काढली.
साडेसात एकर. कागदावर सात एकर बारा गुंठे.
फरकाबद्दल काका काही बोलले नाहीत,
शेजारच्या केळीकडे पाहिलं फक्त.

रात्री निंभोऱ्याच्या खोलीवर
पाच वर्षांची उपग्रहाची चित्रं एकावर एक ठेवली,
ढग कापून टाकले.
दहा मीटरचा एकेक चौकोन.
त्यात चाळीसेक खोडं मावतात
आणि सगळ्यांना मिळून एकच आकडा.
मी सॉफ्टवेअरला विचारलं, किती विभाग करू?
त्याने मलाच विचारलं, किती हवेत?
तीन म्हटलं. उगाच.
तीन रंग डोळ्यांना झेपतात.

पहिला सुकी नदीकडचा, गाळाचा.
दुसरा मधला, पसरट, सगळ्यात मोठा.
आणि तिसरा दुसऱ्याच्या पोटात,
भाकरीवर पडलेल्या डागासारखा,
पाऊण एकर, कडा फाटलेल्या,
दर मे महिन्यात आजूबाजूचं करपत असताना
हा हिरवाच.
चूक असेल म्हणून चाळणी लावली, सुटे ठिपके पुसले.
तो पुसला गेला नाही.

सकाळी बिंदू घेऊन शेतावर.
विभागाला आठ, कडेपासून दहा मीटर आत,
कवड्या फेकाव्यात तसे पडलेले.
एक नेमका उकिरड्यावर,
एक ठिबकच्या व्हॉल्व्हवर. ते हलवले.
निळा ठिपका चार मीटर इकडे, चार मीटर तिकडे डुलायचा
आणि सायबू तडवी फावड्यावर हनुवटी टेकून म्हणायचा,
त्याचं ठरू द्या ताई, मग खणतो.

तिसऱ्या विभागात फावडं आवाज न करता आत गेलं.
माती राखेसारखी, करडी, बोटांना मऊ.
वीतभर खाली खापराचा तुकडा,
काठाला नखाने ओढल्यासारखी नक्षी.
चावदसकाका खाली बसले, चिमूट तळहातावर घासली.
"पोरी, हे काळी नाही. हे पांढरी व्हय.
आठी गाव होतं म्हने, आमच्या आज्याच्याही आंधी.
नदीनं नेलं का लोकच उठून गेले, मले नाही माहीत."

शेत ती काळी, गाव ती पांढरी.
माझ्या रंगांच्या पट्टीत
हे दोन रंग नव्हते.

आठ खड्ड्यांची माती गोणपाटावर ओतली,
ढेकळं फोडली, मिसळली, चार भाग केले,
समोरासमोरचे दोन टाकून दिले,
उरलेले मिसळून पुन्हा चार.
कुणाची चूल कुणाच्या गोठ्यात गेली असेल,
कुणाचं अंगण कुणाच्या मोरीत.
शेवटी अर्धा किलो राहिलं.
कापडी पिशवीत भरलं, चिठ्ठी घातली,
गट नंबर, खोली, तारीख.

एकोणीस दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन:
मॅडम, तीन नंबरचा स्फुरद फारच वर गेलाय,
तिथे शेणखताचा ढीग होता का?
नाही म्हटलं.
मग म्हटलं, हो. तसंच काहीसं.

नकाशात त्या तुकड्याला मी नाव दिलं, जुनं गाव.
पण खताच्या पाण्याचं यंत्र फक्त आकडे घेतं,
अक्षरं टाकली की लाल दिवा लागतो.
तीन परत तीन झाला.
शिफारशीत लिहिलं: विभाग तीन, स्फुरद देऊ नये.
काकांना वाचून दाखवलं.
ते म्हणाले, "देल्हेलं हाय आधीच."
आणि पाइपाची चाळणी धुवायला गेले.

खापराचा तुकडा सायबूने बांधावर ठेवला होता,
नक्षी वर करून.
त्याचे अक्षांश-रेखांश
मी घेतले नाहीत.