तीन ठोके

बुट गावात मार्चमध्येही बर्फ असतो,
रस्त्याच्या कडेला, डिझेलनं काळवंडलेला.
शाळेची बस डेपोत लावून मी घरी पोचते तेव्हा
साडेपाच झालेले, आणि वेड
दप्तरासकट उघड्या फ्रिजपुढे उभा,
जणू आत कुणी ओळखीचं भेटेल.

मांसाच्या पुड्यावर पिवळं लेबल:
अर्ध्या किमतीत, आजच्या आज.
दोन तुकडे, अंगठ्याएवढे जाड.
सकाळीच मीठ चोळून ठेवलेत,
गाडी गरम होईपर्यंतच्या चार मिनिटांत.

बटाटे वेडनं चिरायचे, हा आमचा करार.
अकरा वर्षांच्या हाताचे तुकडे:
एक फासा, एक होडी, एक नुसताच हट्ट.
बिडाच्या पॅनमध्ये सगळे चिरल्या अंगावर पालथे घालते
आणि बजावते, आता हात लावायचा नाही.
हात न लावणं ही यातली अर्धी कला.
मला ती उशिरा आली.
बटाट्यांपुरती तरी आली.

(वाटणीत वेडच्या बापानं तंबू घेतला, मी हा पॅन.
तंबू गळतो म्हणतात.)

खरपूस झाले की कडेला सारायचे,
मधे जागा करायची, धूर यायच्या बेतात असताना
मांस.
चर्र असा आवाज होतो
की वेड अपूर्णांक अपूर्ण टाकून येतो.
तीन मिनिटं. उलटायचं. लोणी, ठेचलेला लसूण,
खिडकीतल्या डब्यातलं अर्धमेलं थाइम,
आणि पॅन कलता धरून चमच्या-चमच्यानं
तेच लोणी पुन्हा पुन्हा वर.

इथेच दर बुधवारी अलार्म कोकलतो.
घरमालकानं तो नेमका चुलीच्या डोक्यावर ठोकलाय.
वेड खुर्चीवर चढून त्याला टॉवेलनं वारा घालतो
आणि वरच्या मजल्यावरून
काठीचे तीन ठोके येतात.
आर्वो निएमी, वय अठ्ठ्याऐंशी.
आम्ही छताकडे बघून म्हणतो, सॉरी!
दोन वर्षं हे असंच चाललंय.

आज अलार्म वाजला, थांबला,
आणि वरून काही नाही.
वेडनं टॉवेल खाली केला. माझ्याकडे बघितलं.
मांस पाटावर काढून ठेवलं होतं.
त्याला पाच मिनिटं निवू द्यावं लागतं,
नाहीतर सगळा रस वाहून जातो.
त्या पाच मिनिटांत जिना किती लांब असतो ते कळलं.
चमचा हातातच होता.

दार नुसतं लोटलेलं.
आर्वो खुर्चीत, काठी भिंतीशी,
कानातली यंत्रं बशीत काढून ठेवलेली,
दोन सोललेल्या शेंगदाण्यांसारखी.
मला बघून म्हणाला, ऐकू न येणारे बोलतात तसं मोठ्यानं:
आज लसूण जरा जास्त झाला.

रेषांच्या आडवे, पातळ कापले
की दोन तुकड्यांचे तीन वाटे होतात.
ताटं काढलीच नाहीत. पॅन मधे, खाली जुना टॉवेल,
तीन काटे. होडी आर्वोला मिळाली.
तळाला चिकटलेलं कुरकुरीत त्यानं
सुरीच्या टोकानं खरवडून वेडकडे सरकवलं.

वेडनं विचारलंच, ओरडून:
आमचा इतका त्रास होतो का?
म्हातारा चावायचा थांबला. कसला त्रास?
मग यंत्र कानात नीट बसवून सांगितलं,
खाणीत पाळणा वर घेताना घंटा द्यायचे.
तीन ठोके म्हणजे, आत माणसं आहेत.
हळू.

पॅनला साबण लावायचा नसतो.
मी जाड मीठ टाकून फडक्यानं पुसते,
पुन्हा आचेवर धरते, तेलाचा हात फिरवते.
मागे वेड झोपायच्या कपड्यांत
झाडू उलटा धरून खुर्चीवर चढलाय.
ठक. ठक. ठक.

आम्ही दोघं वर बघत राहतो.
उत्तर नाही.
यंत्रं बशीत काढून ठेवली असणार.