क्रम लावा

दापोडीच्या शाळेमध्ये
सातानंतर वर्ग बसे;
तिसरीमधल्या बाकांवरती
गुडघा पोटामधे घुसे.

गजरा कुदळे पोळ्या लाटुन
पिठाळ हातांनी शिरते,
सिकंदराच्या नखांत काळे
ऑइल कायमचे उरते.

दरेकरांचा गणवेष निळा,
शिट्टी खिशात, डोळे जड;
हिंजवडीच्या टॉवरखाली
रात्री जागायाची रड.

मी शिकवाया कात्रजवरुनी
दोन बसांनी येत असे;
मानधनाचे पत्र मिळाले,
मान मिळे, धन अजुन नसे.

गजराबाई 'किचन' 'चिकन'चा
रोजच करते गोंधळ थोर:
'आय क्लीन चिकन एव्हरी मॉर्निंग!'
गळ्यात माळेचा पण दोर.

'टायर', 'टायर्ड' सिकंदराला
एकच वाटे आजवरी:
'हवा निघाली की, सर, दोन्ही
बसती टेकुन भिंतीवरी.'

दरेकरांना 'नाइफ'मधला
मुकाच 'के' तो सलत असे:
'ड्यूटीवर जो येउन झोपे
त्याचे नाव वहीत कसे?'

मी रचलेली इंग्रजी कविता
कापत बसलो एक रात:
उठणे, ब्रश अन् आंघोळ, चहा,
ऑफिस, घर अन् झोप. सात.

'ब्रश'ला 'रश' अन् 'टी'ला 'फ्री'ची
यमकांमधुनी सोय भली;
'फर्स्ट' नि 'देन' नि 'नेक्स्ट' नि 'आफ्टर',
शेवट करते 'फायनली'.

म्हटले, 'लावा क्रम चिठ्ठ्यांचा,'
तेवढ्यात आली वीज!
शून्य नि पाचच पंखा जाणे,
महापालिकेची चीज.

गजराबाईंच्या मांडीवर
'स्लीप' पडे अन् 'ब्रश' दारी;
'टी'ला शोधत 'बाथ' पळाली,
'ऑफिस' गेले बाजारी.

पहिली जुळणी अशी उतरली:
'फर्स्ट आय ऑफिस. देन आय स्लीप.'
'जागा निघता अशी कुठेही
मलाहि द्यावी जरूर टीप.'

पुन्हा जुळवले. आता गजरा
उभी राहुनी वाचे धीट:
'फर्स्ट आय किचन. देन आय वेक अप.
झोपेतच मी मळते पीठ!

पाजुन साऱ्या पोरांना टी
फायनली मग मलाच घोट.
सांगा मास्तर, चुकले कोठे?
ठेवा येथे तुमचे बोट.'

बोट कुठे मी ठेवू? म्हटले,
'ग्रामर ठीक. पुढे चला.'
गजरा म्हणते, 'ग्रामरवर हा
चहा तापवुन द्याच मला!'

सिकंदराने 'आफ्टर', 'बिफोर'
पंक्चरवरती तपासले:
'बिफोर पाणी, आफ्टर बुडबुड,
भोक जिथे ते सापडले!'

'बाथ कधी रे?' विचारले मी.
'आफ्टर संडे,' तो म्हणतो.
व्याकरणाला आक्षेप नसे,
पुढचा बाकच सरकवतो.

दरेकरांनी दिली सलामी,
सारा उलटा त्यांचा थाट:
'फर्स्ट आय कम होम. देन आय स्लीप.
कारण तेव्हा असे पहाट.

मिसेस उठते तेव्हा मी स्लीप,
भेट आमची ओन्ली संडे;
फर्स्ट वी टॉक, देन वी फाइट,
फायनली आय वॉश भांडे.

संध्याकाळी वेक अप, टी, ब्रश,
ऑफिस येते फायनली.'
फुल्ली मारत होतो, तोवर
लाल पेनची निब अडली.

चूक शोधली वरून खाली,
सात जागच्या जागी सात;
माझ्या यमकांपुरती केवळ
झाली थोडी वाताहात.

ड्यूटीसाठी दरेकर उठले,
टोपी घालुन उघडत दार—
'गुड मॉर्निंग, सर!' 'मॉर्निंग, मॉर्निंग!'
बाहेर मिट्ट अंधार.

नऊ वाजले. कात्रजची बस
समोरून ती गेली थेट;
मी दारातच. वर्ग ओरडे:
'फर्स्ट बस गोज! देन सर लेट!'

'इज घाला रे!' दमात म्हटले.
आता कुठली दुसरी बस?
स्कूटर काढुन सिकंदर म्हणे,
'सिट म्हणजे, सर, आपलं बस!'